रक्तदाब : न दुखणाऱ्या आजाराची ओळख

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक मेळाव्यात वर्षभरातील शस्त्रक्रिया, नवीन यंत्रसामग्री आणि शिबिरे यांचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो आढावा या अहवालाच्या इतर पानांवर आपण वाचालच. आज आम्ही अशा एका आजाराविषयी बोलणार आहोत, ज्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही आणि ज्याचा रुग्ण स्वतःला रुग्ण समजतच नाही. तो आजार म्हणजे उच्च रक्तदाब. त्यासोबतच निरोगी रक्तदाब कोणता आणि कमी रक्तदाबाला केव्हा घाबरावे, केव्हा घाबरू नये, हेही सांगण्याचा प्रयत्न आम्ही करणार आहोत.

आमचे मुख्य म्हणणे आरंभीच मांडतो. उच्च रक्तदाब जाणवत नाही, म्हणून तो मोजावा लागतो. औषधाने तो उतरला तरी बरा झालेला नसतो, म्हणून औषध चालू ठेवावे लागते. या दोन गोष्टी आपल्या घराघरांत पोहोचल्या, तर पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील अनेक कुटुंबांवरील मोठे संकट टळेल, असा आमचा विश्वास आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या कालावधीतील पाचव्या फेरीनुसार देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि सुमारे २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख भारतीयांना हा विकार असल्याचा अंदाज दिला असून, त्यांपैकी साधारण ३७ टक्के लोकांचेच निदान झालेले आहे, असे म्हटले आहे. म्हणजे प्रत्येक तीन रुग्णांपैकी जवळजवळ दोघांना आपल्या आजाराची माहितीच नाही.

रक्तदाब म्हणजे काय?

चिकूच्या वाडीत पंप चालू केला की पाणी नळीच्या भिंतींवर दाब देत पुढे सरकते. पंपाचा जोर वाढला किंवा नळी अरुंद झाली की दाब वाढतो. आपल्या शरीरात हृदय हा पंप आहे आणि रोहिण्या या नळ्या आहेत. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडते, त्या वेळचा दाब म्हणजे खालचा आकडा. पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच चढतो, यावर हे आकडे सांगण्याची पद्धत पडली आणि पाऱ्याची यंत्रे मागे पडत असली तरी मोजमाप तेच राहिले आहे.

इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ मध्ये घोड्याच्या रोहिणीत नळी बसवून रक्ताचा दाब मोजल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे सोयीचे यंत्र इटलीतील रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे ठरविण्याची रीत रशियातील कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. शंभराहून अधिक वर्षे वापरात असलेली ही तपासणी आजही सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त तपासण्यांपैकी एक आहे.

निरोगी आणि उच्च रक्तदाब

प्रौढ व्यक्तीचा वरचा आकडा १२० पेक्षा कमी आणि खालचा ८० पेक्षा कमी असेल, तर तो उत्तम समजावा. वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल, तर ती सावधगिरीची पातळी आहे. येथे बहुधा औषध लागत नाही, पण मीठ, वजन, तंबाखू आणि व्यायाम यांकडे लक्ष द्यावे लागते व दर वर्षी तपासणी करावी लागते. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना याच पातळीवर औषध सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक राहिला, तर उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. घरी शांतपणे मोजलेल्या दाबासाठी ही मर्यादा १३५ आणि ८५ अशी धरतात. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये १३० आणि ८० ही मर्यादा स्वीकारली. त्यामुळे परदेशातील मुलाने फोनवर वेगळा आकडा सांगितला, तर गोंधळून जाऊ नये.

आपल्याकडे एक समजूत फार रुजलेली आहे : ‘वय अधिक शंभर, इतका दाब चालतो.’ त्या हिशेबाने ७० वर्षांच्या आजोबांना १७० हा दाब योग्य ठरेल. ही समजूत चुकीची आहे. वयाबरोबर रोहिण्या कडक होतात आणि दाब वाढतो हे खरे. मात्र वाढलेला दाब वृद्धांनाही तितकाच घातक असतो. सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीचे विश्लेषण २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ४० ते ६९ या वयात वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की पक्षाघाताने वा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, असे दिसून आले.

‘डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला रक्तदाब कसा?’ हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज विचारला जातो. उत्तर असे की, बहुतेक रुग्णांना काहीच होत नाही. दाब वर्षानुवर्षे मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्या यांची हानी करीत राहतो. पुष्कळदा पहिले लक्षण हेच शेवटच्या टप्प्याचे असते : अर्धांगवायूचा झटका, हृदयविकार किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागणारे डायलिसिस.

मोजण्याची योग्य रीत

चुकीच्या पद्धतीने मोजलेल्या दाबावर औषध सुरू होणे किंवा बंद होणे, ही दोन्ही नुकसानीची गोष्ट आहे. म्हणून पुढील पथ्ये सर्वांनी लक्षात ठेवावीत.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, विडी-सिगारेट आणि श्रमाचे काम टाळावे. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, पायावर पाय नाही आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवलेला, अशी बैठक असावी. पट्टा उघड्या दंडाला बांधावा, शर्टाच्या बाहीवरून नव्हे. मोजताना बोलू नये. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. म्हणून मोठा पट्टा मागून घेण्यास संकोच करू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहून ठेवावी. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजून, ज्या बाजूचा दाब अधिक असेल तो हात पुढील तपासण्यांसाठी धरावा.

पालघर स्थानकाचा जिना धावत चढून, रिक्षासाठी हुज्जत घालून आलेल्या माणसाचा दाब आल्याआल्या मोजला, तर तो वाढलेला दिसणारच. काहींचा दाब डॉक्टरांना पाहूनच वाढतो आणि घरी सामान्य असतो. काहींचे नेमके उलट असते : दवाखान्यात सामान्य आणि कामावर वाढलेला. या दोहोंसाठी घरचे यंत्र उपयोगी पडते. ते मनगटावरचे नसून दंडावर बांधण्याचे घ्यावे आणि वर्षातून एकदा रुग्णालयात आणून आमच्या यंत्राशी पडताळून पाहावे.

आपल्या परिसरातील कारणे

१९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र सुरू झाले आणि बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढत गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या पट्ट्यात भातशेती, मासेमारी आणि वाड्या यांच्या हंगामावर दिवस चालत, तेथे आता हजारो लोकांचा दिवस पाळीच्या भोंग्यावर आणि लोकलच्या वेळेवर चालतो. २०१३ पासून चर्चगेट-डहाणू उपनगरी सेवा सुरू झाल्यावर मुंबईची नोकरी करून येथे राहणारेही वाढले. कमी झोप, बसून केलेला प्रवास आणि बाहेरचे खाणे या जीवनक्रमाचा रक्तदाबाशी थेट संबंध आहे.

निरोगी माणसाचा दाब रात्रीच्या झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. ही रोहिण्यांची रोजची विश्रांती होय. सतत रात्रपाळी करणाऱ्यांत ही विश्रांती अपुरी पडण्याची शक्यता असते. पाळी बदलणे प्रत्येकाच्या हाती नसते, हे आम्ही जाणतो. परंतु दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोप मिळावी यासाठी घरातील मंडळी नक्कीच मदत करू शकतात. रात्रपाळीचे कामगार आम्हांला विचारतात, गोळी सकाळी घ्यावी की रात्री? २०२२ मध्ये ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सकाळी किंवा संध्याकाळी गोळी घेतल्याने झटक्यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून जी वेळ न विसरता पाळता येईल, तीच योग्य वेळ.

दुसरे मोठे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. २०१७-१८ मधील राष्ट्रीय पाहणीनुसार भारतीय प्रौढ सरासरी सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो. हे मीठ केवळ भाजी-आमटीतून येत नाही. आपल्या किनाऱ्यावर सुक्या मासळीशिवाय पावसाळा जात नाही. केवळ उन्हात वाळवलेला बोंबील आणि मिठात मुरवून खारवलेला मासा यांत मात्र मोठा फरक आहे. खारवलेला मासा आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही दोन-तीन पाण्यांतून काढून, वरून मीठ न घालता शिजवावा. सुकट, जवळाही धुऊन घ्यावा. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स, वडापावसोबतची मिठातली मिरची, या गोष्टी ताटाच्या कडेला दिसतात लहान, पण दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा त्यांतूनच येतो. भाकरीच्या पिठात, भातात आणि ताकात मीठ घालण्याची सवय सोडता येते. दोन-तीन आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते.

सैंधव किंवा काळे मीठ ‘चालते’, असा समज आहे. तेही मुख्यतः तेच मीठ आहे आणि दाब तितकाच वाढविते. सोडियम कमी व पोटॅशियम अधिक असलेले पर्यायी मीठ घरात वापरावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली आहे. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तंबाखू आणि मशेरी यांविषयी वेगळे सांगावयास नको. दोन्ही रोहिण्यांचे शत्रू आहेत आणि मशेरी लावणाऱ्या आमच्या भगिनी स्वतःला तंबाखू सेवन करणाऱ्यांत धरीत नाहीत, एवढेच नमूद करतो. ताडी, माडी व इतर मद्य यांच्या नित्य सेवनानेही दाब वाढतो. सांधे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढतो व मूत्रपिंडांनाही इजा होते. याउलट आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास भरभर चालणे, वाढलेले वजन उतरविणे, रोजच्या जेवणात पालेभाजी व फळे असणे, यांनी दाब उतरतो.

औषध कधी थांबवावे?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. याचे उत्तर देण्यापूर्वी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या परिचित वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर पद्धतशीरपणे पडताळून पाहिला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी या विकारावर परिणामकारक औषधे फारशी नव्हती. त्यामुळे या कामाकडे जगाचे लक्ष वेधले गेले आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे सर्पगंधेतील द्रव्यामुळे काहींना उदासीनता येते असे दिसले आणि अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाली. म्हणून आज कोणी मुळी किंवा चूर्ण आणून दिले, तर ते परस्पर घेऊ नये.

आता ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांसारख्या गोळ्या स्वस्तात मिळतात. शासकीय रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्या विनामूल्य मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वरचा आकडा १० ने उतरविला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. इतक्या कमी खर्चात इतका लाभ देणारे उपचार वैद्यकशास्त्रात फार थोडे आहेत.

असे असूनही औषध सुटते. दाब १२८ झाला की रुग्ण म्हणतो, ‘आता बरा झालो.’ तो १२८ गोळीमुळे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. गोळी थांबविली की काही दिवसांत दाब पुन्हा पूर्वपदावर जातो, आणि काहीच दुखत नसल्याने कोणाला कळत नाही. कोणी उपवास आहे म्हणून गोळी टाळतो. कोणी तपासणीला यायचे म्हणून त्या सकाळची गोळी न घेता येतो, आणि वाढलेला दाब पाहून डॉक्टर औषध वाढवितात. कोणी ‘सवय लागेल’ म्हणून घाबरतो. उपवासातही पाण्याबरोबर गोळी घ्यावी, तपासणीच्या दिवशीही नेहमीच्या वेळी घ्यावी, आणि या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, हे आम्ही पुनःपुन्हा सांगतो. पावलांवर सूज येणे किंवा कोरडा खोकला येणे असे त्रास काही औषधांनी होतात. अशा वेळी औषध बंद न करता आमच्याकडे यावे. दुसरे औषध देता येते. वजन व मीठ घटवून काहींचे औषध कमी करता येते, क्वचित थांबविताही येते. परंतु तो निर्णय मोजमाप ठेवून डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो.

आपल्या जिल्ह्यात औषध सुटण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे स्थलांतर. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांतील कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार सणासाठी गावी जातो, तो महिना-दोन महिन्यांनी परततो. अशांनी निघण्यापूर्वी आम्हांला सांगावे. पुरेशा दिवसांची औषधे आणि औषधांची नावे लिहिलेला कागद सोबत देता येतो.

गरोदर भगिनींविषयी एक सूचना. गरोदरपणात दाब १४०/९० किंवा अधिक झाला, चेहऱ्यावर व हातांवर सूज आली, डोके फार दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यातून झटके येऊन आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. आधीपासून रक्तदाबाचे औषध सुरू असेल, तर दिवस राहताच सांगावे. टेल्मिसार्टनसारखी औषधे त्या काळात चालत नाहीत आणि ती बदलून द्यावी लागतात.

कमी रक्तदाब : भीती आणि वस्तुस्थिती

‘बीपी लो झाला, सलाईन लावा,’ ही मागणी आमच्या परिचयाची आहे. वरचा आकडा ९० पेक्षा किंवा खालचा ६० पेक्षा कमी असेल, तर त्याला कमी रक्तदाब म्हणतात. पण केवळ आकडा कमी असणे हा आजार नव्हे. सडपातळ तरुण मुली, नित्य श्रम करणारे लोक यांचा दाब पुष्कळदा १०० किंवा ९५ असतो आणि ते पूर्ण निरोगी असतात. त्यांना औषध, टॉनिक वा सलाईन यांची गरज नाही. थकवा आणि चक्कर यांचे कारण अनेकदा रक्तक्षय, अपुरे जेवण किंवा झोप हे असते. त्याचा शोध घ्यावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चक्कर आली म्हणजे दाब कमीच झाला, असे गृहीत धरून घरी मीठ-साखरेचे पाणी पाजू नये. तीच चक्कर वाढलेल्या दाबाची, पक्षाघाताच्या आरंभाची किंवा मधुमेही व्यक्तीची साखर उतरल्याची असू शकते. आधी दाब मोजावा, साखर तपासावी, मग उपाय करावा.

उठून उभे राहताच दाब उतरणे हा वृद्धांतील वेगळा प्रकार आहे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर तो लक्ष देण्याजोगा होय. दीर्घकाळचा मधुमेह, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटची काही औषधे यांमुळे तो होतो. पहाटे अंथरुणातून एकदम उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याचे हे एक कारण आहे. अशांनी आधी कुशीवर वळून, मग पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून, आधार घेऊन उठावे. त्यांच्या डॉक्टरांनी उभ्यानेही दाब मोजावा.

मे महिन्यात भट्टीजवळ किंवा बॉयलरवर काम करणाऱ्यांचा आणि जुलाब-उलट्या होणाऱ्यांचा दाब शरीरातील पाणी घटल्याने उतरतो. त्यांना सावलीत आडवे करून, पाय उंच ठेवून, शुद्धीवर असल्यास ओआरएस पाजावे. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला जुलाब लागले, तर त्या दिवसांपुरती गोळी कमी करावी का, हे लगेच विचारून घ्यावे.

अंग थंडगार व घामाने ओले, नाडी वेगवान, भान हरपत चाललेले आणि दाब कमी, ही मात्र प्राणसंकटाची खूण आहे. रक्तस्राव, तीव्र जंतुसंसर्ग, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश ही त्याची कारणे असू शकतात. विंचूदंशाचेही उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने दाब प्रथम एकाएकी वाढतो, मग हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचते आणि दाब कोसळतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वेळेत दिल्यास हे रुग्ण वाचतात, असे १९८०च्या दशकात आपल्या अभ्यासांतून दाखवून दिले. ग्रामीण दवाखान्यात दाब नीट मोजून, नोंदी ठेवून केलेल्या कामाने किती प्राण वाचू शकतात, याचे ते कोकणातीलच उदाहरण आहे.

एक मिनिटही न गमावण्याची लक्षणे

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, अकस्मात दिसेनासे होणे, छातीत दाटून येणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देता येते. म्हणून लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले, ती वेळ लिहून ठेवावी. अशा रुग्णाला घरी पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये. दाब १८०/१२० च्या वर आहे पण यांपैकी एकही लक्षण नाही, अशा वेळी घाबरून जिभेखाली गोळी ठेवू नये. दाब झटकन उतरविणे मेंदूला घातक ठरते. शांत बसवून पुन्हा मोजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

साडेचार तासांचे हे गणित मुंबईत जमते. मोखाड्याच्या पाड्यावरून किंवा डहाणूच्या किनाऱ्यावरून निघालेल्या आणि महामार्गाच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णाला ते नेहमी जमेलच असे नाही. मोठे रुग्णालय जितके दूर, तितकी रोजच्या गोळीची किंमत अधिक. आमच्या परिसरासाठी या भाषणाचे सार हेच आहे.

आपण काय करू शकतो?

कुटुंबीयांना विनंती अशी की, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब वर्षातून एकदा मोजून घ्यावा. गावातील आयुष्मान आरोग्य मंदिरातही तो विनामूल्य मोजला जातो. घरात रुग्ण असेल, तर त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक न करता सर्वांचेच मीठ कमी करावे. ‘गोळी घेतली का?’ हे घरातील कोणीतरी एकाने रोज विचारावे.

कारखानदार मित्रांना विनंती अशी की, कामगारांच्या वार्षिक तपासणीत दाब वाढलेला आढळला, तर कागद फाईलला न लावता त्या कामगाराला उपचारांसाठी पाठवावे, आणि दाब वाढला म्हणून कोणाची रोजी जाणार नाही, असा विश्वास त्याला द्यावा. तो विश्वास नसेल, तर कामगार आजार लपवितो.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्याकडे आमचे मागणे साधे आहे. मोठ्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. महिनाभराच्या गोळ्यांवर कोरता येत नाही. तरीही प्रमाणित दाबमापक यंत्रे, तिन्ही आकारांचे पट्टे, गरजू रुग्णांसाठी सलग औषधे आणि ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णाला फोन करणारा किंवा त्याच्या घरी जाणारा एक आरोग्यसेवक, यांसाठी दिलेला निधी अतिदक्षता विभागातील खाटा रिकाम्या ठेवण्यास मदत करील. २०१७ मध्ये आखलेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची सुरुवात ज्या पाच राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र होता. त्या उपक्रमाची सूत्रेही हीच होती : ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. शासकीय यंत्रणेच्या बरोबरीने धर्मादाय रुग्णालयानेही हे काम करावे, अशी आमची इच्छा आहे.

या कामाचे यश दिसत नाही. जो पक्षाघात झालाच नाही, त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. पण पाळीवरून घरी परतणारा पिता, नातवंडाला शाळेत सोडणारी आजी आणि स्वतःच्या पायांवर चालत तपासणीला येणारा साठीतला कोळी बांधव, ही त्या यशाची माणसे आहेत. त्यांची संख्या वाढावी, यासाठी आपले सहकार्य आजवर लाभले तसेच यापुढेही लाभावे, ही विनंती. सभागृहाबाहेर दाब मोजण्याची सोय केलेली आहे. पाच मिनिटे बसून, मोजून घेतल्याशिवाय कोणीही जाऊ नये.